सॅलॅमँडरची वारी

मार्च महिना संपत आलेला असतो. अमेरिकेच्या संयुक्त संस्थानांचा जो ईशान्य कोपरा न्यू इंग्लंड या नांवानें ओळखला जातो, तेथील रानांत सावलीच्या जागीं बर्फाचे ढिगारे अजून वितळावयाचे असतात आणि झाडांना पालवीची चाहूलही लागलेली नसते. अशांत एखाद्या सायंकाळीं वारा दक्षिणेकडून वाहूं लागतो, हवेंतील बोचरेपणा ओसरतो आणि अंधार पडतां पडतां संथ पावसास आरंभ होतो. गांवकरी खिडक्या लावून घरांत बसतात. त्याच घटकेस रानांतील पाचोळ्याखालून आणि उंदरा-चिचुंद्र्यांच्या बिळांतून एकेक काळाभोर, बुळबुळीत, वीतभर लांबीचा प्राणी डोकें बाहेर काढतो. त्याच्या पाठीवर हळदीच्या रंगाच्या ठिपक्यांच्या दोन ओळी असतात. आंखूड पावलें टाकीत तो रानांतील एका ठराविक डबक्याच्या रोखानें चालूं लागतो. मध्यरात्रीपर्यंत अशा कित्येक प्राण्यांची रीघ लागते. उजाडतें तेव्हां रान पुन्हां जसेंच्या तसें असतें. कोणी आलें-गेलें याची खूण राहत नाहीं.

हा ठिपकेवाला सॅलॅमँडर. महाराष्ट्रांतील माणसानें तो प्रथम पाहिला तर तो बेलाशक त्याला पाल म्हणेल, आणि त्यांत त्याचा फारसा दोष नाहीं, इ. स. १८०२ मध्यें जॉर्ज शॉ या इंग्रज प्राणिशास्त्रज्ञानें त्याला शास्त्रीय नांव दिलें तेव्हां त्यानेंही त्याची गणना सरड्यांच्या कुळांतच केली होती. परंतु पालीच्या अंगावर खवले असतात, सॅलॅमँडरच्या अंगावर नसतात. त्याची कातडी उघडी, मऊ आणि सदा ओली असावी लागते, कारण श्वासोच्छ्वासाचें बरेंचसें काम तीच करते. ती वाळली कीं प्राणी मेला. पाल कोरड्या जागीं अंडीं घालते. या सॅलॅमँडरला पाण्यावांचून वंश वाढवितां येत नाहीं. नात्यानें तो बेडकाचा भाऊबंद, मात्र शेपूट न सोडलेला. सह्याद्रींत बेडकांच्या जाती पुष्कळ आहेत, गांडुळासारखें दिसणारें देवगांडूळही आहे, पण सॅलॅमँडर एकही नाहीं. त्यामुळें मराठींत त्याला घरचें नांव मिळालें नाहीं आणि परकें नांवच वापरणें भाग आहे.

युरोपांत मात्र त्याच्या एका चुलत भावाला फार जुनें नांव होतें, आणि नांवाबरोबर एक विलक्षण लौकिकही होता. सॅलॅमँडर आगींत जळत नाहीं, उलट आगच विझवितो, ही समजूत तेथें शतकानुशतकें नांदली. ॲरिस्टॉटलच्या प्राणिविषयक ग्रंथांत, लोक असें सांगतात म्हणून, तिचा उल्लेख आहे. रोमन ग्रंथकार प्लिनी, जो इ. स. ७९ मध्यें व्हेसुव्हिअसच्या उद्रेकाच्या वेळीं मरण पावला, त्यानें तर लिहून ठेवलें कीं, हा प्राणी इतका थंड असतो कीं त्याच्या स्पर्शानें, बर्फ लावावें त्याप्रमाणें, विस्तव विझतो. मौज अशी कीं, त्याच ठिकाणीं प्लिनीनें आणखी एक गोष्ट नोंदविली आहे. अंगावर चांदण्यांसारखे ठिपके असलेला हा प्राणी मोठ्या पावसांतच प्रकट होतो आणि आकाश निवळलें कीं नाहींसा होतो, असें तो सांगतो. दोन विधानें शेजारीं शेजारीं. एक खोटें, एक खरें. जगानें खोटें तेवढें उचललें. खऱ्याची प्रचीति पाहावयाची तर पावसांत भिजत उभें राहावें लागतें. खोट्याला शेकोटीजवळ बसून मान डोलविली कीं पुरे होतें. खुद्द प्लिनीलाही एके ठिकाणीं शंका आलेली दिसते. हें खरें असतें तर रोम शहरानें तो उपाय केव्हांच करून पाहिला असता, अशा अर्थाचें तो लिहितो. परंतु सुरस कथेपुढें शंकेला कोण विचारतो!

ही कथा पुढें राजदरबारांत गेली. फ्रान्सचा राजा पहिला फ्रान्सिस यानें ज्वाळांत बसलेला सॅलॅमँडर हेंच आपलें चिन्ह केलें. शांबोर येथील त्याच्या वाड्यांत तो आजही दगडांत कोरलेला दिसतो. इटलींतील प्रसिद्ध सोनार व शिल्पकार बेनव्हेनुतो चेलिनी यानें आत्मचरित्रांत सांगितलें आहे कीं, तो पांचेक वर्षांचा असतां वडिलांनीं त्याला चुलीच्या विस्तवांतील सॅलॅमँडर दाखविला आणि ताबडतोब त्याच्या थोबाडींत मारली. हेतु हा कीं तें दृश्य मुलानें जन्मभर विसरूं नये. मार्को पोलोनें आधींच सांगून ठेवलें होतें कीं, सॅलॅमँडर या नांवानें जें न जळणारें वस्त्र मिळतें तें कोणत्याही जनावराचें नसून खाणींतून निघणाऱ्या तंतूंचें आहे. तेंही कोणी मनावर घेतलें नाहीं. समजुतीचें मूळ बहुधा साधें असावें. हा प्राणी ओल्या, कुजक्या ओंडक्यांत राहतो. तसला ओंडका चुलींत सरकविला कीं तो आंतून जीव घेऊन बाहेर पळतो, आणि पाहणाऱ्यास वाटतें कीं तो आगींतूनच जन्मला.

प्लिनीचें आणखी एक विधान येथें ध्यानांत घेण्याजोगें आहे. या प्राण्यांत नर-मादी असा भेदच नाहीं आणि त्यांना संतति होत नाहीं, असें त्यानें लिहिलें. ज्या प्राण्याचें मीलन कोणीं पाहिलें नाहीं त्याला संततिच नाहीं असें ठरविण्यांत आलें! पुढें विद्वानांनीं सॅलॅमँडरकडे लक्ष दिलें नाहीं असें नाहीं; पण तें दगडांत किंवा बरणींत. इ. स. १७२६ मध्यें शॉइखत्सर या स्विस पंडितानें एका खडकांतील सांगाडा हा प्रलयांत बुडालेल्या मनुष्याचा म्हणून प्रसिद्ध केला. १८११ मध्यें क्यूव्हिए यानें तो दगड कोरून दाखवून दिलें कीं तो एका प्रचंड सॅलॅमँडरचा आहे. स्पालान्झानी यानें १७६८ मध्यें तुटलेले पाय आणि शेपूट या प्राण्यांना नव्यानें फुटतें हें प्रसिद्ध केलें. मिलान येथें १८२१ मध्यें मावरो रुस्कोनी यानें पाण्यांतील सॅलॅमँडरांच्या प्रणयावर एक सचित्र पुस्तकच काढलें, आणि नर-मादीचा प्रश्न त्याच्या आधींच मिटला होता. तरीही तो प्राणी वर्षभर कोठें असतो, पाण्याकडे केव्हां निघतो, कोणत्या इशाऱ्यानें निघतो आणि परत कोठें जातो, हें बरणींत पाहून कळण्यासारखें नव्हतें.

तें कळलें विसाव्या शतकांत, आणि पुष्कळ अंशीं अमेरिकेंत. ठिपकेवाल्या सॅलॅमँडरच्या प्रजननाच्या संवयींवर बर्ट्रम स्मिथ यांचा लेख १९०७ मध्यें ‘अमेरिकन नॅचरलिस्ट’ या मासिकांत आला. दोनच वर्षांनीं त्याच मासिकांत आल्बर्ट राइट आणि आर्थर ॲलन या जोडीनें त्याच विषयावर लिहिलें. यांतील राइट पुढें बेडकांचे मोठे अभ्यासक म्हणून गाजले आणि ॲलन पक्ष्यांचे. त्या काळीं दोघेही उमेदवारीच्या वयाचे होते. मिशिगन विद्यापीठाचे फ्रँक ब्लँचर्ड यांनीं १९३० मध्यें नेमका तोच प्रश्न हातीं घेतला: ही यात्रा सुरू करतें कोण? या लेखांची भाषा रुक्ष आहे. त्यांत तारखा आहेत, पारा किती होता तें आहे, पाऊस केव्हां लागला तें आहे. परंतु त्या आंकड्यांमागें थंडीच्या पावसांत कंदील धरून काढलेल्या रात्री आहेत, आणि ज्या रात्रीं कांहींच दिसलें नाहीं त्याही आहेत. ही यात्रा पंचांगावर ठरत नसल्यामुळें पाहणाऱ्यास रोज तयारींत राहावें लागतें, आणि नेमका घरीं राहिला ती रात्र हुकली तर पुढील वर्षापर्यंत वाट पाहावी लागते.

इशारा एकट्या पावसाचा नसतो, एकट्या उबेचाही नसतो. नुसता पाऊस पडला आणि जमीन गोठलेली असली तर बिळांतील प्राण्याला त्याचा पत्ता लागत नाहीं. जमीन वितळली पण कोरडी हवा राहिली तर तो निघत नाहीं, कारण वाटेंतच कातडी वाळावयाची. मिसूरी संस्थानांत सेक्स्टन आणि त्यांचे सहकारी यांनीं केलेल्या मोजणीवरून १९९० मध्यें असें प्रसिद्ध झालें कीं, जमिनींत ३० सेंटिमीटर खोलीवर उष्णता सुमारें ४.५ अंश सेंटिग्रेडपर्यंत चढावी, हवेची तीन दिवसांची सरासरी ५.५ अंशांवर यावी आणि वरून पाऊस पडावा, तेव्हां मोठी रीघ लागते. मनुष्याला ही थंडी हुडहुडी भरविणारी. सॅलॅमँडरला तोच वसंत. डबक्याच्या मध्यभागीं बर्फाचा पापुद्रा असतां कांठच्या फटींतून ते पाण्यांत उतरतात, आणि प्रसंगीं बर्फ तुडवीतही येतात.

नर बहुधा आधीं पोंचतात. पाण्यांत उतरल्यावर जमिनीवरील त्यांचें मांद्य पार जातें. पांच-पन्नास नर एकमेकांभोंवतीं घुसळूं लागतात, पाणी उकळत असल्यासारखें हलतें. मग प्रत्येक नर तळाच्या पानांवर आणि काटक्यांवर पांढरट टोंकाचे चिमुकले कोंब ठेवून जातो. त्या टोंकांत त्याचें बीज असतें. मादी येते, त्या कोंबांवरून सरकते आणि बीज स्वतः उचलून घेते. मिठी नाहीं, झटापट नाहीं. हा प्रकार ज्यानें डोळ्यांनीं पाहिला नाहीं त्याला तर्कानें कधींच सुचला नसता. थोड्याच दिवसांत मादी पाण्यांतील काटक्यांना अंड्यांचे गोळे चिकटविते. एका गोळ्यांत कित्येक डझन अंडीं असतात, आणि भोंवतालचा चिकट रस पाणी पिऊन फुगतो. पुढें पुष्कळदां हा गोळा हिरवा दिसूं लागतो. अंड्यांतील ही हिरवाई शेवाळाची आहे हें १८८८ मध्येंच नोंदविलें गेलें होतें. शेवाळाला गर्भाचें उत्सर्जित द्रव्य खत म्हणून मिळतें आणि गर्भाला शेवाळाकडून प्राणवायु, अशी ही देवघेव समजली जात होती. २०११ मध्यें रायन कर्नी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनीं दाखविलें कीं, शेवाळ नुसतें बाहेर राहत नाहीं, गर्भाच्या पेशींच्या आंतही शिरतें. पाठीचा कणा असलेल्या प्राण्यांत असा भाडेकरू कोणाच्या ऐकिवांत नव्हता.

आतां त्या डबक्याविषयीं. बर्फ वितळून आणि वसंताच्या पावसानें तें भरतें, उन्हाळ्याच्या अखेरीस बहुधा आटतें. नकाशावर त्याला जागा नसते. जमीनमालकाच्या दृष्टीनें ती डांसांची पैदास. पण तें आटतें म्हणूनच मोलाचें. बारमाही तळ्यांत मासे असतात आणि मासे अंडीं-पिल्लें शिल्लक ठेवीत नाहींत. आटणाऱ्या डबक्यांत मासा टिकत नाहीं, आणि तेवढ्या मुदतींत सॅलॅमँडरच्या पिल्लांना कल्ले गाळून, फुप्फुसें आणि पाय कमावून बाहेर पडावयाचें असतें. शर्यत उन्हाशीं असते. एखाद्या वर्षीं डबकें लवकर आटलें तर त्या वर्षाचीं सारीं पिल्लें जातात. मोठे प्राणी वीस-वीस वर्षें जगतात, म्हणूनच अशीं वर्षें ते पचवूं शकतात. सह्याद्रीच्या सड्यांवर पावसाळ्यांत जीं उथळ डबकीं सांचतात आणि ज्यांत बेडूक घाईघाईनें आपला संसार उरकतात, तीं ज्यांनीं पाहिलीं आहेत त्यांना या घाईचा अर्थ निराळा सांगावा लागणार नाहीं.

अशींच तळीं भारतांतही एका सॅलॅमँडरला आधार देत आली आहेत. तो पूर्व हिमालयांत, दार्जिलिंग आणि सिक्कीमच्या डोंगरांत राहतो. अंगानें तपकिरी, पाठीवर फोडांच्या ओळी. कलकत्त्याच्या इंडियन म्यूझियमचे पहिले प्रमुख जॉन अँडर्सन हे १८६८ मध्यें निघालेल्या मोहिमेबरोबर युनान प्रांतांत गेले होते. त्यांनीं १८७१ मध्यें या कुळाचें पहिलें वर्णन केलें. दार्जिलिंगचा प्राणी पुष्कळ वर्षें युनानच्या प्राण्याशीं एकच समजला जाई. २०१५ मध्यें हिमालयांतील जात निराळी ठरवून तिला हिमालयाचेंच नांव देण्यांत आलें. हिंवाळा तो दगड-ओंडक्यांखालीं काढतो आणि वळवाचे पाऊस सुरू झाले कीं डोंगरांतील पोखऱ्यांकडे उतरतो. सुखियापोखरीजवळ जोरेपोखरी येथें त्याच्याकरितां राखीव जागा आहे. परंतु पोखरी शोभिवंत करावी म्हणून तिचे कांठ सिमेंटनें बांधणें आणि तींत मासे सोडणें, हे दोन उपद्व्याप डोंगरांत चालत आले आहेत. दोन्हींमागें हेतु वाईट नसतो. सॅलॅमँडरला मात्र पहिल्यानें वाट बंद होते आणि दुसऱ्यानें घर.

वाटेचा प्रश्न अमेरिकेंतही तितकाच मोठा ठरला. १९६० नंतरच्या दशकांत रॉबर्ट शूप यांनीं मॅसॅच्युसेट्समध्यें डबक्याकडे येणाऱ्या-जाणाऱ्या प्राण्यांवर पाळत ठेवली. बुटकें कुंपण आणि त्याला लागून जमिनींत पुरलेले डबे, एवढीच या कामाची सामग्री असते. पण तेवढ्यावरून दिसून आलें कीं, प्राणी ज्या बाजूनें येतो बहुधा त्याच बाजूनें परत जातो. कॅलिफोर्नियांत व्हिक्टर ट्विटी यांनीं सॅलॅमँडरच्याच एका निराळ्या कुळांतील हजारों प्राण्यांना खुणा केल्या आणि कांहींना डोंगरापलीकडच्या ओढ्यांत नेऊन सोडलें. वर्षांमागून वर्षें गेलीं, आणि त्यांतील कित्येक आपल्या मूळ ओढ्यावर हजर झाले. डोळे नसलेलेही आले; वास घेण्याची शक्ति नष्ट केलेल्यांना मात्र तें साधलें नाहीं. प्रयोग निर्दय होते यांत शंका नाहीं, आणि आज ते त्याच रीतीनें करूं दिले जातील असें वाटत नाहीं. पण त्यांतून निघालेलें उत्तर टाकून देण्यासारखें नाहीं. वारकऱ्याला पंढरीच्या वाटेऐवजीं दुसरी वाट दाखवून भागत नाहीं, तसेंच हें आहे.

वाटेची लांबी तशी थोडी असते. रेमंड सेम्लिच यांनीं १९९८ मध्यें सहा जातींविषयींची माहिती एकत्र करून काढलें कीं, प्रौढ सॅलॅमँडर डबक्यापासून सरासरी १२५ मीटरवर राहतात, आणि शंभरांतील पंचाण्णव सामावून घ्यावयाचे तर १६४ मीटरपर्यंतचें रान राखावें लागेल. याचा अर्थ उघड आहे. डबकें राखलें आणि भोंवतालचें रान तोडून घरें बांधलीं, तर यात्रेला क्षेत्र उरतें, यात्रेकरू उरत नाहींत. रान आणि डबकें दोन्ही राखलीं पण मधून डांबरी सडक नेली, तरी गत तीच. मोटार ज्या अंतराला क्षणही लावीत नाहीं तें अंतर कापावयाला या प्राण्याला मिनिटें लागतात, आणि सर्व निघतात ते एकाच रात्रीं.

मॅसॅच्युसेट्समधील ॲम्हर्स्ट या गांवीं हेन्री स्ट्रीट नांवाची अशी सडक आहे. तिच्या एका अंगास चढावर रान, दुसऱ्या अंगास डबकीं. पहिल्या उबदार पावसाच्या रात्रीं गांवांतील कांहीं लोक तेथें बादल्या घेऊन जमूं लागले आणि सॅलॅमँडरांना उचलून सडकेपलीकडे पोंचवूं लागले. काम पुण्याचें, पण रात्रभर चालणारें आणि मोटारींच्या उजेडांत धोक्याचें. शेवटीं १९८७ मध्यें तेथें सडकेखालून दोन लहान भुयारें बांधण्यांत आलीं. सॅलॅमँडरांसाठीं अशीं भुयारें अमेरिकेंत त्यापूर्वीं झालीं नव्हतीं. त्यांच्या छतांत फटी ठेवलेल्या आहेत, आणि हीच त्यांतील खरी अक्कल. भुयार कोरडें आणि अंधारें असेल तर पावसाच्या ओढीनें निघालेला प्राणी त्याच्या तोंडाशीं येऊन थबकतो. फटींतून पाणी झिरपलें आणि थोडा उजेड आला कीं त्याला तो रानाचाच भाग वाटतो. दोन्ही बाजूंस बुटकीं कुंपणें घालून त्यांना भुयाराच्या तोंडाशीं वळविलें जातें. जॅक्सन आणि टायनिंग यांनीं १९८९ मध्यें प्रसिद्ध केलेल्या पाहणींत, तोंडापर्यंत आलेल्या प्राण्यांपैकीं सुमारें तीन-चतुर्थांश आंतून पार गेल्याचें आढळलें. उरलेला चौथा हिस्सा सोडून देण्यासारखा नाहीं, आणि पाला अडकून भुयार तुंबलें तर तीन हिस्सेही जातात; म्हणून दरवर्षीं वसंताआधीं कोणास तरी खाली वांकून तें साफ करावें लागतें.

बादली धरणाऱ्या हातांनाही आतां सावध राहावें लागतें. २०१३ मध्यें नेदरलंड्समधील अग्नि-सॅलॅमँडरांचा जवळजवळ नायनाट करणारी कातडीची एक बुरशी ओळखण्यांत आली. ती अमेरिकेंत शिरूं नये म्हणून २०१६ मध्यें तेथील सरकारनें सॅलॅमँडरच्या २०१ जातींची आयात रोखली. एका डबक्यावरून दुसऱ्यावर जातांना बूट धुवून घ्यावे, हात ओले व स्वच्छ असावे, आणि उचलल्यावांचून भागत असेल तर उचलूंच नये, असे नियम त्यामुळें पडत चालले आहेत.

मोठ्या प्राण्यांची परतीची वाट थोड्या दिवसांत किंवा आठवड्यांत, पुन्हां एखाद्या पावसाळी रात्रीं सुरू होते. तेव्हां जातांना होती तशी गर्दी नसते. पिल्लें निघतात तीं उन्हाळ्याच्या अखेरीस, डबकें चिखलावर आलेलें असतां. बोटाहूनही लहान, अंगावरील ठिपके अजून पुरते न उमटलेले, तीं ओल्या रात्रीं चारी दिशांस पांगतात. त्यांनीं ती वाट पूर्वीं कधींच पाहिलेली नसते, आणि त्यांच्यासाठीं बहुधा कोणी कंदील घेऊन उभेंही नसतें. जीं सडक ओलांडून रानांत पोंचतात तीं पाचोळ्याखालीं जातात, आणि वयांत येईपर्यंत, म्हणजे दोन-चार वर्षें व कित्येकदां त्याहूनही अधिक काळ, सहसा कोणाच्या दृष्टीस पडत नाहींत.